समोरच्या खिडकीतला टीव्ही

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार. सकाळी ९.

डायरी जानेवारीच्या एक तारखेपासूनच लिहिणार होतो. पतसंस्थेनं डायऱ्या उशिरा वाटल्या. माझा दोष नाही.

संकल्प : रोज लिहिणे. चिडणे कमी करणे. आणि कुणाशी तुलना करायची नाही. मला तुलनेची गरजच काय? बत्तीस वर्षं कोयनानगरला कंट्रोल रूममध्ये काढली. कोरेगावात स्वतःचं दुमजली घर. मुलगी समीक्षा सांगलीला चांगल्या घरी पडली. बायको रंगू, म्हणजे रंगुबाई, ठणठणीत. काही कमी नाही.

दुपारी ४. समोर टेम्पो थांबला. सुभेदार लालासाहेबांकडे टीव्ही उतरला. पंचावन्न इंची. खोका आमच्या कपाटाएवढा. गॅलरीतून दिसला. मुद्दाम बघत नव्हतो, वाळलेले कपडे काढायला गेलो होतो. (कपडे रंगूनं अगोदरच काढले होते.)

हे सुभेदार म्हसवडकडचे. तोफखान्यातून रिटायर. गेल्या दसऱ्याला समोरचं घर घेतलं. आल्या आल्या गल्लीत सगळे त्यांना "साहेब" म्हणायला लागले. मी इथं नऊ वर्षं राहतोय, मला "नानासो" म्हणतात. असो. तुलना नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार.

त्या टीव्हीचा रिमोट पाहिला. सुभेदार पेपर वाचता वाचता ओट्यावर घेऊन बसले होते. हसू आलं. मोजून बारा बटणं. बोटभर लांबी. प्लास्टिकचं कव्हरसुद्धा नाही!

माझा युनिव्हर्सल रिमोट : एकोणपन्नास बटणं. टीव्ही, सेट टॉप बॉक्स, डीव्हीडी, होम थिएटर, सगळं एकाच हातात. एसीचा कोडही घालून ठेवलाय. एसी घेतला नाही, पण घेतलाच तर अडायला नको. २००८ साली सांगलीहून आणला. आधी कोयनेच्या वसाहतीत, मग या गल्लीत कुणाचाही रिमोट पडला, भिजला, पोरानं चावला, की लोक माझ्याकडे यायचे. सगळ्या कंपन्यांचे कोड वहीत उतरवले आहेत. मला "रिमोटचे डॉक्टर" म्हणायचे. अजूनही म्हणत असतील.

वही चाळली. शेवटचा पेशंट जून २०२१. लोक हल्ली संकोचतात.

संध्याकाळी साडेसातला रंगू सुभेदारांकडे मालिका बघायला गेली. आपल्याकडे तीच मालिका लागते. म्हटलं, "इथं काय कमी आहे?" म्हणाली, "काय न्हाई वो. येते बसून." सोबत तेलाची वाटी घेऊन गेली. उसनं घेतलं असेल कधी.

सव्वाआठला आली.

८ फेब्रुवारी, शनिवार.

सलग चौथा दिवस. साडेसात ते सव्वाआठ. रोज तेलाची वाटी. एवढं तेल उसनं कोण घेतं?

आज तिला जाऊच द्यायचं नाही असं ठरवलं. आपल्याकडे काय आहे हे बायकांना दाखवावं लागतं. माझ्या रिमोटला एक खास बटण आहे, ते दाबलं की सगळी मशिनं एकदम चालू होतात. असं बटण सुभेदारांच्या सात पिढ्यांनी पाहिलं नसेल. रंगूला कोचावर बसवलं. दाबलं.

होम थिएटर चालू झालं, पूर्ण आवाजात. नुसतीच खरखर. डीव्हीडीचा ट्रे बाहेर आला, आत गेला, परत बाहेर आला. टीव्ही काही लागला नाही. सेट टॉप बॉक्स केबलवाल्यानं दिवाळीत बदललाय, त्याचा कोड माझ्या वहीत नाही. ही केबलवाल्याची चूक.

रंगू म्हणाली, "झालं का? मग जाऊ का मी?"

भांडण झालं. मी बोललो की ती दुप्पट बोलते. गॅलरीचं दार उघडं होतं. गल्लीनं ऐकलं असणार. ऐकू दे.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

नवीन माहिती. तो टीव्ही ऐकतो. म्हणजे माणसानं बोललेलं ऐकतो. रंगूनं जेवताना सांगितलं. म्हणाली, "नुसतं म्हणायचं, माझी मालिका लाव रं बाळा, की लावतोय. आवाज कमी कर म्हटलं की करतोय. लय शाना हाय."

बाळा! एकतीस वर्षं संसार झाला. मला "आवं" म्हणते, तेही लांबून. आणि त्या काचेच्या तुकड्याला बाळा.

म्हटलं, उद्या चहा पण करायला सांग त्याला. म्हणाली, "चहा न्हाई करत, पर उलट बोलत न्हाई."

पोळी अर्धी टाकून उठलो. मी जळत नाही. एखाद्या मशिनवर माणूस कसा जळेल? फक्त जेवण गेलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार. सांगली.

समीक्षाकडे आलोय. तिला वाटलं लेकीची आठवण आली. ती आलीच होती, पण मुख्य काम वेगळं. नवीन, जास्त कोडवाला युनिव्हर्सल रिमोट घ्यायचा. केबलवाल्याच्या नव्या बॉक्सलाही चालेल, आणि जमल्यास बोललेलं ऐकणाराही निघावा.

पहिलं दुकान : "असलं आता येत न्हाई, काका."
दुसरं दुकान : "मोबाईलमध्ये ॲप टाका की." टाकलं. ॲप म्हणालं, तुमच्या मोबाईलला ती सोय नाही.
तिसरं दुकान कृष्णातचं. त्यानंच २००८ ला मला रिमोट विकला होता. तेव्हा त्याच्या काचेच्या कपाटात रिमोटच रिमोट टांगलेले असायचे, भाताच्या लोंब्यांसारखे. आज कपाटभर मोबाईलची कव्हरं. चित्रांची, चमकीची, मांजरांची. त्यानं मला ओळखलं. लय आनंद झाला त्याला. मी रिमोट मागितल्यावर आधी हसला. मग माळ्यावरून एक खोका काढला, फुंकर मारली, आत शोधलं. दोन निघाले. दोन्हींत सेल फुटून पांढरं पाणी सुकलेलं.

म्हणाला, "नानासो, हे माझ्याकडचं शेवटचं दोन. पाच वर्सांत तुमी पहिलं गिऱ्हाईक. न्या तसंच, आठवण म्हणून."

घेतले नाहीत. मी आठवणी गोळा करायला गेलो नव्हतो.

समीक्षाकडेही तसाच ऐकणारा टीव्ही आहे, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. कुणी नाही बघून मी त्याला म्हटलं, "कृपया बातम्यांची वाहिनी सुरू करावी." त्यानं 'कृपा' एवढंच ऐकून कृपाळू देवाची भजनं लावली. आवाज कमी करावा म्हटलं तर तो वाढला. समीक्षा आतून आली. म्हणाली, "बाबा, घरात बोलतो तसं बोला त्याच्याशी."

मी घरातही असंच बोलतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. रात्री ८.

आज फार मोठी गोष्ट झाली. नीट लिहितो.

रंगू समोर गेली होती. मी गॅलरीत उभा. दोरीवर चादर वाळत घातलेली, तिच्या आड. रिमोट सहज हातात होता. समोरची खिडकी उघडी, आत निळा उजेड, टीव्हीची एक कड दिसते. मनात आलं, टीव्ही कितीही शहाणा असो, त्याला जुन्या पद्धतीचा डोळा असणारच. बघायला काय हरकत आहे? निव्वळ तांत्रिक कुतूहल.

रिमोट कोड शोधायला लावला. एक एक दाबत जायचं, समोरचा टीव्ही बंद झाला की कोड सापडला. हात लांब करून दाबत राहिलो. वीस. तीस. चाळीस. सत्तेचाळिसाव्याला खिडकीतला निळा उजेड गेला.

कोयनेतसुद्धा मला असा आनंद झाला नव्हता.

कोड वहीत लिहिला. तारीख, वेळ घातली. आता रंगू पाच मिनिटांत घरी येणार.

साडेआठला आली. रोजच्यापेक्षा पंधरा मिनिटं उशिरा.  

१९ फेब्रुवारी, बुधवार.

पावणेआठला एकदा. आठला एकदा. रंगू दर वेळी उठून टीव्हीपाशी जाऊन चालू करते, दिसलं मला. तिचेच गुडघे दुखतील, मग कंटाळून येईल.

२० फेब्रुवारी, गुरुवार.

तीनदा. मालिकेत काहीतरी महत्त्वाचं चाललं असावं, कारण तिसऱ्या वेळी रंगूचा आवाज आला, "आता गं बया!" आली नाही मात्र.

हे मी कुणाचं नुकसान म्हणून करत नाही. आपल्या माणसाला आपल्या घराची ओढ लागावी एवढंच.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

रंगू बचत गटाच्या बायकांबरोबर साताऱ्याला गेली. उशिरा येणार. सुभेदार सातला नेहमीप्रमाणे स्टेशनकडे फिरायला गेले, ताठ मानेनं. मी घरी एकटा. समोर उजेड दिसला. रंगू तिथं नाही म्हणजे आज दाबायचं खरं तर कारण नव्हतं. सवयीनं दाबलं गेलं.

आज कुणी चालू केला नाही. सुभेदार परत येईपर्यंत, सव्वाआठपर्यंत, खिडकी काळीच. सुलाबाई, म्हणजे सुभेदारीण, स्वयंपाकघरात असतील. त्या बाईला मी कधी दारात पाहिलं नाही. गल्लीत येणं नाही, कुणाशी बोलणं नाही. साहेबाची बायको म्हटल्यावर गर्व असणारच.

२४ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ६.

सुभेदार आले. माझ्या दारात! चप्पल बाहेर काढून आत आले. म्हणाले, "नानासो, टीव्ही सारखा बंद पडतोय. कंपनीचा माणूस बोलवणार हुतो. पर घरातनं म्हणाल्या, आधी नानासोंना दाखवा. त्यांचा त्यात हात हाय म्हणं."

घरातून! म्हणजे त्या घरातही माझं नाव पोचलंय. रंगूनं सांगितलं असेल, शेवटी अभिमान असतोच.

मी लगेच हो म्हटलं नाही. डायरी काढली, पानं उलटली, म्हटलं परवा जमेल. डॉक्टर लगेच मिळाला की लोक किंमत ठेवत नाहीत.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र.

व्हिजिट झाली. इस्त्रीचा शर्ट घातला. टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, कोडवही, रिमोट, सगळं पिशवीत.

टीव्ही भिंतीवर. समोर कॉट, कॉटवर सुलाबाई उशीला टेकून बसलेल्या. मी आत गेलो तरी उठल्या नाहीत. डाव्या हातानं अर्धा नमस्कार केला. असा एका हाताचा नमस्कार मी प्रथमच पाहिला. गर्वाबद्दल मी लिहिलंच होतं.

पाठीमागची वायर काढली, घातली. प्लगवर फुंकर मारली. टेस्टर लावला. खिडकीकडे पाहून म्हटलं, "इन्फ्रारेडचा डिस्टर्बन्स आहे. आता होणार नाही." हे शंभर टक्के खरं होतं, कारण मी इथं होतो आणि रिमोट माझ्या पिशवीत होता.

सुभेदार खूश. मला विचारलं, "कोयनेला तुमी बटणं दाबायचात व्हय मोठमोठाली?" मी म्हटलं, कंट्रोल रूममध्ये रजिस्टर माझ्या ताब्यात असायचं. हजेरीचं. बटण कुणीही दाबेल, रजिस्टरला जबाबदार माणूस लागतो.

चहा सुभेदारांनी स्वतः केला. सुलाबाई जागच्या हलल्या नाहीत. एवढा तोफखान्यातला माणूस आणि घरात बायकोला इतका भिऊन! वाईट वाटलं. निघताना सुलाबाई काहीतरी बोलल्या, जड आवाजात, नीट कळलं नाही. हसल्या मात्र. एका बाजूनं.

गल्लीतून येताना दोघा जणांनी विचारलं, "काय डॉक्टर, कुठनं?" डॉक्टर! खूप दिवसांनी.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार.

दोन दिवस काहीच दाबलं नाही. टीव्ही उत्तम चालतोय. इतका उत्तम की कुणी माझं नावच काढत नाही. सुभेदार आज समोरून गेले, "जेवलासा का?" एवढंच. टीव्हीबद्दल एक शब्द नाही.

दुरुस्तीनंतर लक्ष ठेवावं लागतं. पावणेआठला एकदा दाबून पाहिलं. कोड अजून बरोबर आहे.

२ मार्च, रविवार. दुपारी.



जेवण झाल्यावर रंगू म्हणाली, "शुक्रवारी परत दाबलंसा न्हवं?"

मी म्हटलं, काय दाबलं?

म्हणाली, "चादरीखालनं तुमचं पाय दिसत्यात. दुसऱ्या दिवसापास्नं बघत्योय मी. सुलाताईंनी तर पयल्याच दिवशी बघितलं. त्यांची कॉट खिडकीच्या समोर हाय, त्यास्नी दिवसभर दुसरं काय दिसतंय? आपलीच गॅलरी."

मी म्हटलं, त्यांनी उठून खिडकी लावून घ्यायची.

रंगूनं हातातलं ताट खाली ठेवलं. मग तिनं सांगितलं. सुलाबाईंना दिवाळीत अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं. डाव्या हाताला रिमोटची बारीक बटणं जमत नाहीत, म्हणून त्यांच्या मुलीनं, अंकितानं, बोललेलं ऐकणारा टीव्ही घेऊन दिला. बोलणंही जड झालंय. टीव्हीला तीनतीनदा सांगावं लागतं, पण तो चिडत नाही, म्हणून त्यांना आवडतो. रंगू रोज जाते ती त्यांच्या हाताला तेल लावायला. सुभेदार त्या वेळात फिरायला जातात. दिवसभर तेच सगळं करतात, स्वयंपाक, धुणं, बाईंचं सगळं. तेवढाच एक तास त्यांना बाहेरची हवा.

म्हटलं, मला कुणी बोललं नाही हे.

"संक्रांतीला सगळं सांगितलं तुमास्नी. तुमी रिमोटचं सेल बदलत हुतासा. हूं हूं म्हणालासा."

मला आठवत नाही.

मग तिनं शनिवारचं विचारलं. "मी साताऱ्याला गेल्ते, तवा पण दाबलंसा. बंद पडल्यावर त्या टीव्हीला ऐकाया येत न्हाई. साहेब येस्तोवर बसल्या बाई अंधाऱ्या काचेकडं बघत. एक तास बसल्या."

मी म्हटलं, मग त्यांनी मला का बोलावलं दुरुस्तीला? कंपनीच्या माणसाला बोलवायचं. गल्लीत माझी शोभा करायची होती का?

रंगू ताटं उचलता उचलता म्हणाली, "सुलाताई म्हणाल्या, नानासोंना बलवा. त्यास्नी हल्ली कुणी बलवत न्हाई. बरं वाटंल त्यास्नी."

आज भांडण झालं नाही.

संध्याकाळी ७. गॅलरीत गेलो नाही. चादर काढून घडी करून ठेवली.

४ मार्च, मंगळवार.

माफी मागायला गेलो. काल जाणार होतो, पण काल सोमवार होता.

वाक्य पाठ केलं होतं : "माझ्याकडून आपल्याला त्रास झाला, त्याबद्दल दिलगीर आहे." उंबऱ्यात फिरून आलेले सुभेदार भेटले, "या, या," म्हणाले. मी आत गेलो आणि माझ्या तोंडून निघालं, "व्होल्टेज कसं काय आहे?"

सुभेदार म्हणाले, "ऑल ओके."

रंगू तिथंच तेल लावत होती. तिनं वर पाहिलं नाही. सुलाबाईंनी मला जवळच्या खुर्चीकडे खूण केली. मग बोलायला लागल्या. एक एक शब्द जोर लावून काढत होत्या, दगड उचलल्यासारखा. मधले शब्द रंगू सांगत होती. एकूण म्हणणं असं : "आवं नानासो, बंद करताय तर करा. पर मालिका झाल्यावर करा. साडेआठला गोळ्यांनी माझा डोळा लागतोय. ह्यांना तोफखान्यापास्नं कमी ऐकू येतंय, आत सैपाकात असत्यात. टीव्ही तसाच बोंबलत ऱ्हातोय. तिथनं तेवढा साडेआठला बंद करत जावा."

मला वाटलं थट्टा करतात. पण चेहरा गंभीर होता, जेवढा अर्धा हलतो तेवढा.

मी म्हटलं, करतो.

सुभेदार म्हणाले, "ड्यूटी लागली बघा तुमची. साडेआठ शार्प."

५ मार्च, बुधवार.

८.३० ला बंद केला. पहिल्याच दाबात. आता चादरीआड नाही, उघड्यावर उभं राहून. खिडकीतून सुभेदारांनी हात केला.

६ मार्च, गुरुवार.

८.३०. ओके. घड्याळ रेडिओच्या वेळेशी जुळवून घेतलं.

७ मार्च, शुक्रवार.

८.३०. ओके. समीक्षाचा फोन त्याच वेळी आला. म्हटलं, ड्यूटीवर आहे, नंतर कर. ती म्हणाली, "कसली ड्यूटी?" सविस्तर सांगितलं.  मग म्हणाली, "बरं आहे बाबा." कौतुक वाटलं असावं.

विचार केला तर, बोललेलं ऐकणाऱ्या टीव्हीलाही शेवटी माझा रिमोट लागलाच. कृष्णातला हे कळवलं पाहिजे. जुने दोन रिमोट घेऊन ठेवायला हवे होते, स्पेअरला. पुढच्या शनिवारी सांगलीला जाणे.

८ मार्च, शनिवार.

८.३०. ओके. रंगू आज कधी नव्हे ते माझ्याशी दोन शब्द नीट बोलली. म्हणाली, "वेळ पाळता, हे बरं हाय."

हजेरीपत्रकासारखं पान आखलं. तारीख, वेळ, सही.

९ मार्च, रविवार. रात्री ९.

अंकिता, सुभेदारांची मुलगी, सकाळी आईला बघायला आली होती. पुण्याला असते. दुपारी गेली.

साडेआठ वाजता मी गॅलरीत उभा राहिलो. घड्याळाचा काटा जागेवर आला, मी दाबलं. समोर एकदम प्रचंड आवाज. टीव्ही चालू! मी परत दाबणार तेवढ्यात लाईट लागला, सुलाबाई दचकून जाग्या झालेल्या, सुभेदार हातात उलथनं घेऊन आतून धावत आले. रंगू अजून तिथंच होती, खिडकीत येऊन ओरडली, "आवं, बंद झालाय त्यो! आपापला झालाय! दाबू नगासा!"

रंगू घरी आल्यावर कळलं. अंकितानं टीव्हीत वेळ लावून दिली आहे. साडेआठ वाजले की तो स्वतःच बंद होतो. माझ्या एक सेकंद आधी झाला, आणि मी बंद टीव्ही चालू केला. दोन मिनिटांचं काम होतं म्हणे ते. तिला कुणी सांगितलं नव्हतं की माझी ड्यूटी आहे. सुलाबाई सांगत होत्या म्हणे, पण तिला आईचं बोलणं फोनवरच्या सवयीनं अर्धंच कळतं. ती "हो आई, हो आई" म्हणाली आणि सेटिंग करून टाकलं.

पानावर आजची सही केली नाही. खाली बावीस रकाने रिकामे आहेत.

१० मार्च, सोमवार.

सकाळपासून रिमोट हातात घेतला नाही. दुपारी होम थिएटरवरचं कापड झटकलं आणि परत घातलं.

सातला सुभेदार खाली उभे. हाक मारली, "नानासो, ड्यूटी गेली तुमची. चला आता फिराया."

मी म्हटलं, गुडघा दुखतो. म्हणाले, "चला वो."

गेलो. स्टेशनच्या रस्त्यानं. उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, बाजूला थांबावं लागत होतं.  मला वाटलं आता बोलतील टीव्हीबद्दल. म्हणून मीच आधी सुरुवात केली. दिलगीरचं वाक्य अर्ध्यात अडकलं, तेव्हा सरळच सांगितलं : तुमचा टीव्ही आला, तुम्हाला सगळे साहेब म्हणतात, माझी बायको तुमच्या घरात जाऊन बसते, मला ते बघवलं नाही. हे मी आजपर्यंत या डायरीतही लिहिलं नव्हतं.

सुभेदारांना पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. ट्रॉली चालली होती. परत मोठ्यानं सांगावं लागलं, रस्त्यावर.

ते हसले नाहीत. चालत राहिले. मग म्हणाले, "नानासो, मला कमी ऐकू येतंय. पर तुमचं आन् वहिनींचं भांडण ऐकू येतंय बघा, गॅलरीचं दार उघडं असलं म्हंजे. तुमी एक म्हणता, त्या दोन म्हणत्यात. आमच्या हिचा आवाज असाच हुता. दणदणीत. युनिटमधली पोरं घाबरायची. भांडाया लागली की मी म्हणायचो, बास कर की गं, आता बास कर." पुढे थोडं चालले. "आता ती एक शब्द बोलाया मिनिट लावती. तुमचं भांडण सुरू झालं की मी गॅस बारीक करतो आन् ऐकत ऱ्हातो. खरं सांगतो गड्या, लय हेवा वाटतोय मला तुमचा."

 परत येताना त्यांनी भाजी घेतली, मला कुठली मेथी चांगली ते विचारलं. मी सांगितली.

घरी आलो तर उशीर झाला म्हणून रंगूनं सुरुवात केली. भाकरी गार झाली, सांगून जायला काय होतं, मोबाईल कशाला ठेवलाय. मीही सुरू केलं. अर्ध्यात लक्षात आलं. उठून गॅलरीचं दार लावलं. मग वाटलं, लावणं बरोबर की उघडं ठेवणं बरोबर? थोडा वेळ कडीला हात लावून तसाच उभा राहिलो. शेवटी अर्धं उघडं ठेवलं आणि हळू आवाजात भांडलो.

रंगू म्हणाली, "आवाज बसला का तुमचा?"

म्हटलं, हो.